बँकेत एआय आणा, पण 'सिस्टिम घेत नाही' हे उत्तर बंद करा

वावरवाला (यवतमाळ): पेरणीच्या तोंडावर काका पीककर्जाचं नवं-जुनं कराले, म्हणजे जुनं भरून नवं उचलाले, शाखेत गेले, सातबारा, आठ-अ, नो ड्यूज सगळं पिशवीत. साहेबानं पडदा फिरवून लाल अक्षरं दाखवली, म्हणे सिस्टिम घेऊन नाही राहिली. काहून, तं त्यालेच माहीत नाही. मंग कृषी केंद्रातून सरकी उधारीवर, चढ्या भावानं. आता म्हणे एआय येणार. रिझर्व्ह बँकेच्या समितीनं, आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य अध्यक्ष होते, २०२५च्या ऑगस्टात अहवाल दिला, ७ सूत्रं अन २६ शिफारशी. जबाबदारी हाय, समजंल असं बनवा हेही हाय, पण तिसरं सूत्र काय तं अडवण्यापेक्षा नवं करू देणं बरं! मी म्हणतो नाही म्हणायचं तं कारण मराठीत लिहून द्या अन खाली माणसाची सही करा.

काउंटर नंबर दोन: बँकेतच आहो, शिव्या खाऊन बोलतो. भाऊ, ते एआय नसंल, सिबिल, म्हणजे कर्ज फेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, एका आकड्याखाली गेलं का अर्ज अडवायचा असा साधा नियम बसवलेला असते. कारण लेखी द्यायचं हेही लहान कर्जाले जुनंच हाय, आम्ही देत नाही हे वेगळं. अन माणसाची सही म्हणता, तं माणूस काय करत होता विसरले का? फाईल ड्रॉवरमध्ये, पुढाऱ्याचा फोन आला का वर. मशीनले पाव्हणे नसतात. आम्ही तिघं जण, जूनमध्ये डबा उघडाले टाईम नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं १.६० लाखापर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डासाठी कागदं डिजिटल मागवायचा प्रयोग सुरू केला, असं वाढलं तं तलाठ्याच्या चकरा वाचतीन.

वावरवाला: पाव्हण्याचं पटलं. पण मशीन शिकते जुन्या खात्यांवरूनच ना? २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, घरंच्या घरं थकली. मशीन म्हणंल, हा पिनकोडच बुडवते. अन ठेक्यानं करणाऱ्याचं तं नावच सातबाऱ्यावर नाही, तो दिसंलच कसा?

उंटावरचा शहाणा: कर्ज सोडा बे, चोर पाहा. आमच्याकडच्या एका पोट्ट्यानं चार पैशासाठी खातं भाड्यानं दिलं, त्यात कोणाकोणाच्या फसवणुकीचे पैसे फिरले. अशी खाती हुडकाले रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाचं एआय बनवलं हाय. एवढी खाती माणूस एकेक करून पाहणार हाय का?

बचत गटवाली: पकडा ना, कोण नाही म्हणते. पण कापसाचे पैसे एकदमच येतात आमच्या खात्यात, वर्षभर शुकशुकाट अन मग एका दिवशी लाख. मशीनले ते चोरावानी दिसलं अन खातं गोठवलं तं दिवाळीत कोणाच्या दारात जायचं? तिथं फोन उचलणारं माणूस पाहिजे.

काउंटर नंबर दोन: ताईचा मुद्दा बरोबर हाय, खातं गोठवलं का आमचेही हात बांधलेले असतात. वावरवाले भाऊ, काकाचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळते. चूक असंल तं तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल नाही लागला तं पुढं दिवसाचे १०० रुपये भरपाई हाय.

वावरवाला: काढला. काकाच्या नावावर थकलेलं मोटारसायकलचं लोन निघालं, पलीकडच्या तालुक्यात कोणी नावसारखा हाय म्हणे. काका आजही सायकलनंच वावरात जातात. तक्रार टाकली, अठरा दिवस झाले.