कुर्डुवाडी जंक्शन: 'बार्शी रोड' म्हणजे हेच स्टेशन का? आणि आता पंढरपूर-लातूरची सोय कशी आहे?

प्रश्न (वाटसरू): जुन्या कागदपत्रांत 'बार्शी रोड' येतं, पण नकाशात ते सापडत नाही. तिथून निघणाऱ्या छोट्या गाडीचा इतिहास हवा आहे. शिवाय मुंबईहून येऊन इथे गाडी बदलायची असेल तर काय बघावं?

रूळवाट: हो, बार्शी रोड म्हणजेच कुर्डुवाडी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबईहून येणारा मुख्य मार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोचला, पण बार्शी बाजूलाच राहिली. ही तूट बार्शी लाइट रेल्वेने 1897 मध्ये भरून काढली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, फक्त 2 फूट 6 इंच. पुढे हीच लाइन 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. सरकारने ती 1954 मध्ये ताब्यात घेतली. जुने कागद वाचताना एक जपा: बार्शी गावातलं स्टेशन 'बार्शी टाउन', ते वेगळं.

गेजपट्टी: या लाइनचं खरं मोल तिच्या आखणीत आहे. अभियंता एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांनी नियमच घातला की इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) 5 टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे दर यार्ड (3 फूट) लांबीला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. किट्सन कंपनीच्या इंजिनांना सहा आस होते: चार जोडलेले, दोन मागे. म्हणजे सुमारे 30 टनांचं इंजिन असूनही रुळावर ताण तेवढाच. वॅगनही बोगीवाल्या (खाली वळू शकणारे चाकांचे गाडे असलेल्या), दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या, म्हणून स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त. हेच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उतरायच्या पॅराशूटसाठी ओळखले गेले.

उणीव एकच, पण मोठी. ब्रॉडगेजची, म्हणजे मुख्य मार्गाच्या रुंद रुळांवरची, वॅगन या अरुंद रुळांवर जात नसे. कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावं लागे. वेळ जाई, हमाली लागे, नुकसानही होई. गेजबदल, म्हणजे या लाइनचं ब्रॉडगेज, व्हायलाच हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

रूळवाट: तो टप्प्याटप्प्याने झाला. कुर्डुवाडी-पंढरपूर 2001, लातूर-उस्मानाबाद 2007, उस्मानाबाद-कुर्डुवाडी 2008, पंढरपूर-मिरज 2010. जुनी गाडी उस्मानाबाद (आता धाराशिव) शहराला बगल देऊन जायची. नव्या आखणीत शहर मार्गावर घेतलं. म्हणून जुन्या नकाशावरचा मार्ग आजच्या रुळांशी सगळीकडे जुळत नाही.

फलाटावरून: आता प्रवासाचं. गाडी शोधताना कोड टाका: केडब्ल्यूव्ही. पंढरपूरचा पीव्हीआर. आधी थेट गाडी आहे का ते पाहा, नसेल तरच बदला. दोन वेगवेगळी तिकिटं काढत असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. मुख्य मार्गावरची गाडी लेट झाली तर शाखेवरची थांबेलच असं नाही, आणि शाखेवर गाड्या मोजक्याच. चुकली तर एसटी हाच पर्याय. मुंबई-सोलापूर वंदे भारत इथे थांबते, पण मुख्य मार्गावरची प्रत्येक गाडी थांबतेच असं नाही, वेळापत्रकात थांबा तपासा.

आषाढी-कार्तिकीला विशेष गाड्या सुटतात. त्यांचा क्रमांक 0 ने सुरू होतो आणि तो दरवर्षी बदलू शकतो, तेव्हा मागच्या वर्षीच्या क्रमांकावर विसंबू नका.