कमी पगार घेऊन त्याच टीममध्ये राहणारे बास्केटबॉल प्लेयर, ही निष्ठा म्हणायची का?

टिळकवाडी_हूप्स:
आमच्या ग्रुपात यावरनं लई वाद चाललाय म्हणून इथं विचारतोय. एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या जेलन ब्रन्सननं २०२४ ला त्याच्या न्यूयॉर्क निक्स टीमशी ४ वर्षांचं साधारण १५.६५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं, एक वर्ष थांबला असता तर ५ वर्षांचे २६.९ कोटी मिळू शकत होते. एवढे पैसे निव्वळ टीमच्या प्रेमापोटी कोण सोडतंय? का आत दुसरं काही गणित असतंय? जाणकारांनी सांगा की.

निपाणीकर_अण्णा:
गणित असतंयच की. एनबीएत सॅलरी कॅप आहे, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, त्याच्या बरंच वर गेलं की पुढं लक्झरी टॅक्स म्हणजे जादा दंड बसतो, म्हणून एकानं कमी घेतले की दुसऱ्याला द्यायला जागा होते. टिम डंकन बघा, २०११-१२ ला पगार २ कोटी १० लाखांच्या वर आणि २०१२ ला त्याच्या स्पर्स टीमशी सही केली ती ३ वर्षांचे मिळून ३ कोटींची, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच उन्हाळ्यात टीमनं डॅनी ग्रीन आणि बोरिस डियाव यांना ठेवून घेतलं, २०१४ ला मायामीला हरवून टायटल आणलं तेव्हा दोघंही टीममध्ये. डंकन १९ सीझन एकाच टीमकडनं खेळला. माझ्या मते ही निष्ठाच, पण पैसे कुठं जाणार ते बघून केलेली.

खानापूरची_अक्का:
अण्णा, अर्धंच पटतंय. डर्क नोविट्स्कीला २०१४ ला लेकर्स आणि रॉकेट्स या टीम मॅक्स म्हणजे नियमात बसतो तेवढा जास्तीत जास्त पगार द्यायला तयार होत्या, हा डॅलसमध्येच राहिला, ३ वर्षांचे २.५ कोटी. त्या उन्हाळ्यात चँडलर पार्सन्सला आणलं, तो २०१६ ला मेम्फिसला गेला, टायटल काही परत आलं नाही. तरी डर्क २०१९ पर्यंत तिथंच, २१ सीझन! यात गणित कुठाय? आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पण पुण्यात जास्त पगार मिळत असताना जुन्या शेठकडंच राहणारे टर्नर आहेत, फक्त त्यांच्या घरी तो फरक महिनाअखेरीला जाणवतो, डर्कला जाणवत नाही, म्हणून मी त्यांची निष्ठा जास्त मोठी धरते.

चिकोडी_एक्सप्रेस:
टीम कुठं निष्ठा पाळती पण? २०१० ला लेब्रॉन आणि बॉश हे स्टार सोबत यावेत म्हणून मायामीच्या वेडनं कमी घेतले, त्याच टीमच्या हॅस्लेमनं पण. २०१६ ला वेडचं मायामीशी पैशावरनंच फिस्कटलं आणि तो शिकागोला गेला, २ वर्षांच्या साधारण ४.७ कोटींवर.

टिळकवाडी_हूप्स:
मग ब्रन्सन कुठल्या खात्यात धरायचा?

निपाणीकर_अण्णा:
मधल्या. सही केली तेव्हा वडील निक्सचेच असिस्टंट कोच, जोश हार्ट आणि नवा आलेला मिकाल ब्रिजेस दोघं कॉलेजपासनंचे जोडीदार. शिवाय २०२८ ला शेवटचं वर्ष सोडून बाहेर पडता येतंय, तोवर लीगमध्ये १० वर्षं भरतात आणि कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत मागता येतंय. चिकोडीकर म्हणतात ते खरं का खोटं, ते निक्स तेव्हा किती देतात त्यावरनं कळेल.