मालकाचं राजकारण पटत नाही म्हणून खरेदी थांबवावी का?

काठावरचा (धागालेखक):
गेल्या आठवड्यात फोनवरचं एक अ‍ॅप काढून टाकलं. चार वर्षं रोज वापरत होतो, तक्रार काहीच नव्हती. मग त्याच्या मालकाची मुलाखत ऐकली. मी ज्याला सरळ अन्याय म्हणतो त्याची बाजू गडी हसत हसत घेत होता. अ‍ॅप काढलं, दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याच कामाचं दुसरं अ‍ॅप घेताना लक्षात आलं, याच्या मालकाचं नावसुद्धा मला माहीत नाही. मग पहिल्याला शिक्षा कशाची झाली? मताची, की तोंड उघडल्याची?

माझ्यापुरती रेघ अशी: मालकाचं मत त्याच्यापाशी. पण नफ्यातला पैसा तो त्या मतामागे लावत असेल, किंवा कामावर घेताना माणसाचं मत तपासत असेल, तर मी दुसरीकडे जाणार. टिकते का ही रेघ?

गल्लाभरू:
रेघ कशाला हवी? गिऱ्हाइकाने कारण द्यायची सक्ती कुठाय? रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत ठेवतो, तेव्हा कुणी जाब विचारत नाही. मालकाचं बोलणं आवडलं नाही म्हणून ठेवली की लगेच सहिष्णुतेचे धडे सुरू.

उलट टपाली:
धागालेखकाची रेघ २०१४ सालीच फसलीय. ब्रेंडन आयक फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ झाले. त्यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहबंदीच्या प्रस्तावाला १,००० डॉलर दिले होते. स्वतःच्या खिशातले, कंपनीचे नव्हेत. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने फायरफॉक्सवरून येणाऱ्यांना सांगितलं, दुसरा ब्राउझर वापरा. दोन आठवड्यांच्या आत आयक पायउतार झाले.

गंमत पुढे आहे. वेबसाइट ज्यावर चालतात ती जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा याच आयकांनी बनवलेली. ती ओकेक्युपिडच्या साइटवरही चालत होती आणि तुमच्या-माझ्या ब्राउझरमध्ये आत्ताही चालतेय. तिच्यावर कुणी बहिष्कार टाकला नाही, कारण ते झेपणारं नव्हतं. जिथे आपली गैरसोय होत नाही तिथेच आपली तत्त्वं जागी होतात. शिवाय फायरफॉक्सच्या मागे ना-नफा संस्था. शिक्षा नेमकी कुणाला झाली?

काठावरचा:
झेपेल तेवढंच करतो हे मान्य. पण सगळं करता येत नाही म्हणून थोडंही करू नये, हे नाही पटत. आणि खिसा वेगळा म्हणता, तर तो खिसा पगारातूनच भरतो ना?

गल्लाभरू:
टेस्लाचं बघा. तिचे प्रमुख इलॉन मस्क उघड राजकारणात उतरले आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या सुमारे ३.८७ लाखांवरून ३.३७ लाखांवर आली. कित्येक जणांनी आपल्या गाडीवर स्टिकर लावले, की ही आम्ही आधीच घेतली होती. बाजाराची भाषा मालकाला बरोबर कळते.

उलट टपाली:
अर्धं सांगितलंत. त्याच तिमाहीत नव्या मॉडेल वाय गाडीसाठी कारखान्यांतल्या लाइनी काही आठवडे बंद होत्या. किती घट रागाची आणि किती बंद लाइनींची, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

जुनी वही:
बहिष्काराला इंग्रजीत ज्याच्यावरून शब्द मिळाला, तो कॅप्टन बॉयकॉट दुकानदार नव्हताच. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात तो जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना तो बेदखल करायला निघाला, तेव्हा गडीमाणसं काम सोडून गेली, दुकानदारांनी माल द्यायचं बंद केलं. म्हणजे गिऱ्हाइकालाच वाळीत टाकलं! शेवटी उत्तरेकडून पन्नासेक मजूर आणून, हजाराच्या आसपास शिपायांच्या पहाऱ्यात पीक काढावं लागलं. अंदाजे ५०० पौंडांच्या पिकावर १०,००० पौंड खर्च झाले म्हणतात. तेव्हा मला धागालेखकाची रेघ टिकते असं वाटतं. राग त्याच्या मतावर नव्हता, बेदखलीवर होता.

पण दुसरी बाजूही सांगतो. मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सन गावी १९६६ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. मागणी रास्त होती. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा अहिंसक बहिष्कार राज्यघटनेने संरक्षित ठरवला. मात्र तिथे दुकानांबाहेर माणसं उभी असत. आत जाणाऱ्या कृष्णवर्णीयांची नावं टिपून घेत आणि चर्चमधल्या सभेत मोठ्याने वाचत. आपलं नाव पुकारलं जातंय हे ऐकत बाकावर बसलेल्याचा विचार केला की माझं 'रास्त' जरा अडखळतं.

शटरवाला:
इतका वेळ नुसता वाचत होतो. दहा माणसांना पगार देतो, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक तुटतं ना, तेव्हा भांडत नाही. नुसतं यायचं थांबतं. आठ-नऊ वर्षांचं एक गिऱ्हाईक असंच गेलं. वर्षाने समोरासमोर भेट झाली तेव्हा कळलं, एका उमेदवाराबरोबरचा माझा फोटो त्याने पाहिला होता. अहो, प्रचारात तो हात जोडून आत आला, मी उठून उभा राहिलो, कुणीतरी फोटो काढला. मी हसतोय म्हणे त्यात. आलेल्या माणसाकडे बघून मी हसतोच, धंदा आहे माझा.

आणि फटका मला बसायच्या आधी माझ्याकडच्या पोराच्या ओव्हरटाइमला बसतो. ते पोर त्या उमेदवाराच्या विरोधात होतं.

गल्लाभरू:
पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण कामगारांकडे बोट दाखवून मालकाने स्वतः सुटू नये. ही ढाल फार जुनी आहे.

शटरवाला:
ढाल नाही, हजेरीपट आहे. असो. निदान एकदा विचारायचं होतं त्याने.

काठावरचा:
विचारलं असतं तर सांगितलं असतंत, मत कुणाला दिलं ते?

शटरवाला:
नसतं सांगितलं.

जुनी वही:
आणि आता? इथे तर तुम्हाला कुणी ओळखत नाही.

शटरवाला:
त्यालाच दिलं होतं. पण ते त्या फोटोवरून ठरत नाही.