फुकटच्या ट्रेक नकाशात न तपासलेल्या घाटवाटा ठेवायच्या की काढायच्या?

पाऊलवाट_पुणे (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. गेली सहा वर्षं मी हातात धरायच्या जीपीएसवर (ईट्रेक्स, जीपीएसमॅप वगैरे गार्मिनची यंत्रं) चालेल असा सह्याद्रीचा नकाशा बनवून फुकट डाउनलोडला ठेवतोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, डेटा सगळा ओपनस्ट्रीटमॅपचा (कुणीही भर घालू शकेल असा खुला नकाशा), भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवायची, स्प्लिटर नावाच्या प्रोग्रॅमने तिचे तुकडे करायचे, एमकेजीमॅप नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने ते गार्मिनला कळतील असे करून घ्यायचे, वर कंटूरचा (समान उंचीच्या रेषांचा) थर चढवायचा. तुम्ही स्क्रीनवर हवा तेवढा चौकोन आखता आणि तेवढ्याच भागाची जीमॅपसप नावाची फाइल तयार होऊन येते, ती मेमरी कार्डात गार्मिनच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं. जुन्या ईट्रेक्स २० मध्ये आतली जागा जेमतेम १.७ जीबी, म्हणून तो चौकोनाचा खटाटोप.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात दोन मुलांचा मेसेज आला, माझ्या नकाशातल्या तुटक रेषेवरून ते एका नाळेने (कड्यातल्या अरुंद घळीने) कोकणात उतरत होते, अर्ध्यावर कोरडा धबधबा लागला, दोर नाही, परत वर चढायला अंगात त्राण नाही, रात्र कपारीत काढली. सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका मामांनी बाहेर काढलं. मुलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट आभार मानले आणि विचारलं की ती रेष कधी दुरुस्त होणार. मी मागे जाऊन पाहिलं तर ती कुणीतरी उपग्रहाच्या फोटोवरून एकदाच काढलेली, नंतर कुणी हात लावलेला नाही, चाललेल्याचा ट्रॅक (यंत्रात नोंदलेला मार्ग) नाही, तारीख नाही. आणि ती मी सहा वर्षं लोकांच्या हातात देत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून ठरवलंय की दिवाळीनंतरच्या बिल्डपासून (नकाशाच्या नव्या आवृत्तीपासून) ज्या घाटवाटेवर कुणी चालल्याची नोंद नाही ती नकाशातून काढायची. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

कातळवेडा

स्पष्टच सांगतो, साफ चूक करताय. मी ३० वर्षं सह्याद्रीत फिरतोय, सुरुवात सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर झाली, १:५०,००० चा नकाशा, २० मीटरवर एक कंटूर, त्यातली पाऊलवाट कित्येकदा जागेवर सापडायची नाही पण तिच्यामुळे निदान विचारता तरी यायचं की बाबा इथून पूर्वी कुणी उतरायचं का. नाणेघाटाला सातवाहनांचा लेख आहे, जकातीचा रांजण आहे म्हणून तो राहिला. बाकीच्यांचं काय? मीठ, तांदूळ, गुरं सगळं ह्याच नाळांतून वरखाली जायचं. आता एसटी आली, मोटरसायकल आली, गावातलं पोरगंसुद्धा त्या वाटेने जात नाही. कारवी माजते, दरड येते आणि दहा वर्षांत वाट कुठून सुटत होती हे सांगणारा माणूसही जातो. त्या वाटेचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे नकाशातली ती रेष आणि तुम्ही तीच पुसायला निघालात. मुलं अडकली ह्याचं वाईट वाटतं, पण दोर न घेता अनोळखी नाळेत उतरणं ही नकाशाची चूक नाही हो.

दोर_आणि_गाठ

कातळवेडा काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. मी बचावाच्या कामाला जातो म्हणून सांगतो. तुम्ही टोपोशीट वाचायचात, वाचता वाचता डोंगर बघायचात. आजचा पोरगा डोंगर बघतच नाही, स्क्रीनवरचा बाण रेषेवर आहे ना एवढंच बघतो. यंत्र म्हणतं पुढचं वळण ४०० मीटर, त्या ४०० मधला कातळाचा टप्पा उभा आहे हे यंत्राला माहीतच नाही.

आणि कंटूरवर विसंबणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या. ह्या फुकट नकाशांतले कंटूर बहुतेक एसआरटीएमचे असतात, फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी, एका ठिपक्याची बाजू साधारण ३० मीटर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी धार त्या ठिपक्यांत मावत नाही, कडा गुळगुळीत होऊन उतार दिसतो. अरुंद खाचांमध्ये तर रडारला नीट दिसतच नाही, तिथले आकडे मागाहून अंदाजाने भरलेले असतात. म्हणजे जिथे माणूस मरतो नेमकी तीच जागा नकाशात सौम्य दिसते. त्यात ती वाट कुणी न चालता काढलेली. दोन्ही चुका एकाच जागी आल्या की काय होतं ते आम्ही रात्री टॉर्च घेऊन बघतो. काढा त्या वाटा. माझं पूर्ण समर्थन.

बायनरी_नाशिक

दोघांचंही अर्धं पटतंय. ठेवा किंवा काढा एवढे दोनच पर्याय कशाला? एमकेजीमॅपच्या स्टाइलमध्ये (काय कसं दाखवायचं त्याच्या नियमांत) प्रत्येक टॅगला, म्हणजे वाटेला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीला, वेगळं वागवता येतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाट किती स्पष्ट दिसते ह्याचा टॅग आहे, डोंगरी वाटेच्या अवघडपणाचा आहे, शेवटचं कधी तपासलं त्या तारखेचाही आहे. ज्यांच्यावर ह्यातलं काहीच नाही त्यांना टिप फाइलमध्ये (रेषांचे रंग-आकार ठरवणारी फाइल) फिकट राखाडी ठिपके द्या आणि मुख्य म्हणजे राउटिंगमधून (यंत्र स्वतः मार्ग ठरवतं त्यातून) बाहेर काढा. म्हणजे डोळ्यांना दिसेल पण यंत्र आपणहून त्या वाटेने नेणार नाही. त्या मुलांना यंत्राने नेलं होतं की त्यांनी स्वतः बघून ठरवलं, हे कळेल का?

पाऊलवाट_पुणे

@बायनरी, यंत्राने नेलं. त्यांनी खालचं गाव निवडून जा म्हटलं, यंत्राने सर्वात जवळची रेष पकडली. खरं सांगायचं तर घाटवाटा राउटिंगमध्ये ठेवायचा निर्णय माझाच होता, तेव्हा मला तो सोयीचा वाटला होता.

माणगावची_लेक

मला एक विचारायचंय. "न तपासलेली" म्हणजे कुणी न तपासलेली? माझी आजी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन घाट चढून वर माहेरी जायची, वर्षातून चार वेळा. आमच्या वाडीतले धनगर आजही जातात. त्यांच्याकडे जीपीएस नाही म्हणून ती वाट न तपासलेली झाली का? दादा, तुम्ही सहा वर्षं एवढं काम केलंत त्याबद्दल मनापासून आभार, पण इतक्या वर्षांत खालच्या एका तरी वाडीत जाऊन विचारलंत का?

आणि नावांबद्दल बोलायलाच हवं. तुमच्या नकाशात आमच्या वाडीचं नाव वाचताच येत नाही. देवनागरीतलं नाव रोमनमध्ये जाताना मधले अ गळतात, ळ चं भलतंच होतं, गावात ते नाव उच्चारून विचारलं तर कुणालाच कळत नाही. वाट चुकलेल्या माणसाचा पहिला आधार गावाचं नाव असतो ना.

अजून एक. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. त्यानंतर कित्येक महिने मी डाउनलोड केलेल्या नकाशात ती वाडी तशीच होती, घरांचे चौकोन, मधली पायवाट, सगळं. मी तो भाग उघडला आणि रडले. नकाशात काय ठेवायचं काय काढायचं हे ठरवताना हेही बघा.

पाऊलवाट_पुणे

ताई, नाही विचारलं. एकाही वाडीत नाही. घाटमाथ्यावर जायचो, ट्रॅक घ्यायचो आणि परत फिरायचो. तुमचं बरोबर आहे.

नावांचं कारण सांगतो, कारण म्हणजे सबब नव्हे. ह्या यंत्रांपैकी बरीच देवनागरी दाखवत नाहीत म्हणून रोमन करावं लागतं, आणि जिथे इंग्रजी नावाचा टॅग भरलेला नाही तिथे प्रोग्रॅम अक्षराला अक्षर बदलून मोकळा होतो. हाताने भरणं हाच उपाय. तुमच्या भागाची यादी द्याल का, मी भरतो.

इर्शाळवाडीच्या वेळी सर्व्हरवरचा बिल्ड आठ महिने जुना होता, घरी आजारपण होतं, मी नवीन चालवलाच नाही. फुकट आहे म्हणून चालतं असं तेव्हा मनाला समजावलं होतं. ते बरोबर नव्हतं.

फिरस्ता७१

मुळात फुकट देता हीच चूक आहे. दर शनिवारी ५०-५० जणांच्या बॅचा काढणारे आयोजक माणशी पैसे घेतात, त्यांच्या लीडरच्या हातात तुमचाच नकाशा. एकाने तर कार्डात भरून विकायला ठेवलेला मी पाहिलाय. वर्षाला ३०० रुपये ठेवा, त्या पैशातून दोन पोरं नेमा, वाटा तपासून घ्या. गर्दीही आपोआप कमी होईल. देवकुंडला पावसाळ्यात जमावबंदीचे आदेश काढावे लागतात ते अशाच सहज मिळणाऱ्या माहितीमुळे.

पाऊलवाट_पुणे

विकणाऱ्याला मी अडवू शकत नाही आणि अडवायचंही नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना (२०१२ पासूनचा) पैसे घ्यायची मुभा देतोच, अट एवढीच की श्रेय स्पष्ट द्यायचं आणि डेटात सुधारणा करून तो वाटला तर ती सुधारणाही त्याच परवान्याने खुली ठेवायची. मी स्वतः पैसे घ्यायला लागलो तर ज्यांनी रविवार घालवून वाटा काढल्या त्यांना मी काय सांगू? सर्व्हरचं भाडं मला परवडतं. कमी पडतात ती चालणारी माणसं.

फिरस्ता७१

चालणारी माणसं एसटीने जातात, तिकीट लागतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

ऑफलाइन_अन्या

मध्येच विचारतो, आजकाल फोनवर ऑस्मअँड आहे, ऑरगॅनिक मॅप्स आहे, तिथे डेटा दर महिन्याला नवा मिळतो. वेगळं यंत्र आणि वेगळा नकाशा हवाच कशाला? आणि ठेवायचाच तर लडाखचाही बनवा ना.

दोर_आणि_गाठ

ऑगस्टच्या पावसात ओल्या बोटांनी फोनचा स्क्रीन चालवून बघ. ईट्रेक्सला बटणं आहेत, दोन पेन्सिल सेलवर पूर्ण दिवस निघतो आणि सेल वाडीतल्या दुकानात मिळतात.

पाऊलवाट_पुणे

लडाखचं नाही जमणार. ओपनस्ट्रीटमॅपमधली सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे काढलेली असते आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. सह्याद्रीपुरतं ठेवलं की तो प्रश्न येत नाही.

मूळ विषयाचं सांगतो. सगळ्यांचं वाचून माझा विचार थोडा बदललाय. राउटिंगमधून सगळ्या न तपासलेल्या घाटवाटा ह्याच आठवड्यात बाहेर, दिवाळीची वाट बघत नाही. मुख्य नकाशात त्या दिसणार नाहीत, पण पुसणार नाही, वेगळी फाइल देतो "जुन्या वाटा" म्हणून, ज्याला हवी तो मुद्दाम उतरवेल. नव्या यंत्रांवर दोन्ही एका कार्डात बसतात. जुन्या गार्मिन ६० सीएसएक्सवाल्यांना एकच फाइल ठेवता येते, त्यांच्यासाठी जोडून देईन.

कातळवेडा

पटलं नाही. दुसरी फाइल कुणी उतरवणार नाही. पाच वर्षांनी तुम्हीच म्हणाल की मागणी नाही, बंद करतो. राउटिंगमधून काढा, त्याला माझी ना नाही, ते आधीच करायला हवं होतं. पण दिसायला हव्यात. फिकट दाखवा, ठिपके दाखवा, वर "विचारून जा" लिहा, पण दाखवा.

दोर_आणि_गाठ

काका, दिसलं की पोरं जाणार.

कातळवेडा

आणि नाही दिसलं तर कुणीच जाणार नाही. मग तपासणार कोण?

माणगावची_लेक

मी सांगू का. दसऱ्यानंतर गवत वाळायला लागलं की माझे चुलतमामा तुम्हाला आमच्या बाजूच्या दोन वाटा दाखवतील, ते अजून जातात. मी विचारलंय त्यांना. पण त्यांच्या दिवसाची मजुरी द्यायची आणि वाटेचं नाव ते सांगतील तेच लिहायचं. आणि मधल्या देवराईचं ठिकाण नकाशात टाकायचं नाही, ते त्यांनी आत्ताच बजावून सांगितलंय.

पाऊलवाट_पुणे

कबूल, तिन्ही. मजुरी माझ्याकडून.

कातळवेडा

मी येतो. गुडघा एक धड नाही पण उतरायला वेळ लागला तर लागू दे.

दोर_आणि_गाठ

मीही. ४० मीटरचे दोन दोर आणतो. पाऊलवाट, यंत्रातलं रस्त्याला चिकटवायचं सेटिंग बंद करून या, नाहीतर बाण जुन्या रेषेवरच दिसत राहील. आणि नाळेत वर आकाशाची चिंचोळी पट्टी असते, सिग्नल कातळावर आपटून येतात, एका यंत्राचा ट्रॅक पन्नास मीटर बाजूला सरकलेला मी पाहिलाय. निदान तीन यंत्रं हवीत, उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा नोंद घेऊ. कोरड्या टप्प्याच्या वर आणि खाली थांबून वेपॉइंट (त्या जागेची यंत्रात खूण) घ्यायचे.

बायनरी_नाशिक

माझं जीपीएसमॅप ६४एस घेऊन येतो. ताई, खाली गाडी कुठपर्यंत येते?

माणगावची_लेक

शाळेपर्यंत. पुढे पायी अर्धा तास. सकाळी सहाच्या आत या, ऊन चढलं की कातळ तापतो.