ब्रिटनमधले पब बंद पडतायत: दोष पिणाऱ्यांचा की मालकांचा?

पेनाईनवासी (धागाकर्ता)

ब्रिटनमधला एखादा पब बंद पडला की कारण ठरलेलं असतं: हल्लीची पोरं पीत नाहीत. ऑफिसात हेच ऐकू येतं आणि इथली आपली मराठी मंडळीही तेच धरून बसतात. मला ते पटत नाही. पब पिणाऱ्यांनी कमी आणि मालकांनी, जागेच्या भावाने आणि करांनी जास्त मारले, असं माझं ठाम मत आहे. ते मांडतो, खोडून काढा.

2000 साली यूकेत 60 हजारांच्या वर पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरलेत. लोक कमी पितात हे खरंच. दरडोई दारू 2004 च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग उतरत गेली. पण त्याहून मोठा बदल पिण्याच्या जागेचा आहे. 1980 च्या सुमारास दहातली जवळपास नऊ ग्लास बिअर पबात नाहीतर क्लबात प्यायली जायची. गेल्या दशकाच्या मध्यावर दुकानांनी पबांना मागे टाकलं. पबातला बिअरचा एक पिंट (अर्ध्या लिटरहून थोडा जास्त) आता पाच पौंडांच्या आसपास जातो आणि तेवढ्यात सुपरमार्केटात साध्या लेगर बिअरचे चार कॅन येतात. माणूस घरी बसून पिणार नाही तर काय करणार?

आता मालकीचं बघा. 1989 पर्यंत इथले बहुतेक पब ब्रुअरींच्या (बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या) ताब्यात होते. ही मक्तेदारी मोडायला सरकारने त्या वर्षी आदेश काढला: 2000 च्या वर जेवढे पब असतील त्यातले निम्मे बांधिलकीतून (फक्त मालक ब्रुअरीचीच बिअर विकायची या अटीतून) मोकळे करा. हेतू चांगला होता. ब्रुअरींनी पब विकले, पण ते चालवणाऱ्यांच्या हातात फारसे गेलेच नाहीत. पंच आणि एंटरप्राइज यांच्यासारख्या नुसत्या पबमालक कंपन्या उभ्या राहिल्या. ऐन भरात या दोघींकडे मिळून 15 हजारांहून जास्त पब होते, आणि डोक्यावर अब्जावधी पौंडांचं कर्ज. ते फेडायचं कोणी? काउंटरमागे उभ्या असलेल्या भाडेकरूने. भाडं कंपनीला द्यायचं, बिअरही कंपनीकडूनच घ्यायची, तीही बाहेरच्यापेक्षा महाग. 2008 पासून 2013 पर्यंत सरकार दरवर्षी महागाईच्या वर चढवून बिअरवरचा कर वाढवत होतं. त्याच सुमाराला मंदी.

आपल्याला याचं काय, असं विचाराल. मी इथे आलो तेव्हा शेजारच्यांची ओळख दारात उभं राहून झाली नाही, पबात झाली. मी संत्र्याचा ज्यूस घेऊन बसायचो, त्याचं कुणाला काही नव्हतं. क्विझच्या रात्री भूगोलाचे प्रश्न माझ्या वाट्याला यायचे. अंत्यविधीनंतर इथली माणसं पबात जमतात आणि गेलेल्याच्या आठवणी सांगतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या त्या संध्याकाळी मला प्रथमच वाटलं की मी या गावचा आहे. अशी खोली गेली की तिच्या जागी काही येत नाही. येतात ते फ्लॅट.

रात्रपाळी

धागाकर्ते, तुमच्या आठवणींबद्दल आदर आहे, पण मी यकृताच्या वॉर्डात काम करतो आणि तुमच्या चित्रात जे नाही ते मला रोज दिसतं. 2023 साली या देशात निव्वळ दारूमुळे 10,473 माणसं गेली, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. माझ्या वॉर्डात चाळिशीतले लोक येतात, पोट पाण्याने फुगलेलं, डोळे पिवळे. विचारलं की सगळे सांगतात, 'बाकीचे पितात तेवढंच.' हे 'बाकीचे' कुठे ठरले? पबात ठरले. राउंडची पद्धत बघा. पाच जण बसले की प्रत्येकाने एकदा सगळ्यांसाठी आणायचं. ज्याला दोनवर थांबायचंय तो पाचवर जातो, कारण आधी उठणं म्हणजे चिक्कूपणा.

तरुण पोरं कमी पितात, बरीचशी अजिबात पीत नाहीत, ही माझ्या कामाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. तिच्यासोबत काही पब गेले तर जाऊ देत.

पेनाईनवासी

@रात्रपाळी, तुम्ही दिलेला आकडाच माझी बाजू मांडतोय. 2019 साली हे मृत्यू 7,565 होते, 2020 साली 8,974. त्या वर्षी पब कितीतरी महिने कुलपात होते! दुकानं मात्र उघडी होती. पबात घड्याळ असतं, शेवटच्या ऑर्डरची घंटा असते, 'आज पुरे हं' म्हणणारी काउंटरमागची बाई असते. सोफ्यावर यातलं कोण असतं?

रात्रपाळी

त्या वर्षी आधीच जास्त पिणारे आणखी जास्त प्यायला लागले, एकटेपणा वाढला, व्यसनमुक्तीच्या सेवा विस्कळीत झाल्या. 'पब बंद म्हणून माणसं गेली' एवढं सरळ ते नाही. आणि घंटेचं म्हणाल, तर माझ्या अनेक रुग्णांना त्या बाईने वर्षानुवर्षं पाजलेलीच होती. ती वाईट होती असं नाही, तिचं पोट त्यावर होतं.

सोनचाफा

तुम्ही दोघेही 'पब' म्हणताना एकच खोली डोळ्यासमोर आणताय. ती सगळ्यांची होती कधी?

मी बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला राहते. जवळच स्मेथविक. 1960 च्या दशकात तिथल्या पबांमध्ये काळ्या आणि आशियाई माणसांना ठरावीक खोलीतच बसू देत, काही ठिकाणी आतच घेत नसत. फाउंड्रीत गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून राबलेल्या पंजाबी माणसाला संध्याकाळी त्याच गोऱ्यांशेजारी बसता येत नव्हतं. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेथविकला आले होते, तेव्हा एका पबातल्या गोऱ्यांपुरत्या खोलीत त्यांनाही नकार मिळाला. इंडियन वर्कर्स असोसिएशन या इथल्या भारतीय कामगारांच्या संघटनेची माणसं मुद्दाम पबात जाऊन बसायची, नकार घ्यायची, त्याची नोंद करायची. त्याच वर्षी सार्वजनिक जागी वर्णभेद करण्याविरुद्ध पहिला कायदा झाला. बायकांचं म्हणाल तर लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो या वाइन बारमध्ये बाईने काउंटरपाशी उभं राहून पेय मागितलं तर मिळत नसे. ते थांबायला 1982 उजाडलं, आणि तेही कोर्टात जावं लागलं तेव्हा.

म्हणून 'पारंपरिक पब गेला' ऐकलं की मी विचारते, कुठली परंपरा? माझ्या भागात जे घडलं ते जास्त शिकवणारं आहे. गोऱ्या मालकांनी सोडलेले पडीक पब पंजाबी कुटुंबांनी घेतले. स्मेथविक, वेस्ट ब्रॉमविच, पार वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत हे देसी पब आहेत. तवा गरम, मिक्स्ड ग्रिलच्या थाळीतून धूर निघतोय, टीव्हीवर फुटबॉल, एका टेबलावर फाउंड्रीतून निवृत्त झालेले गोरे आजोबा, दुसऱ्यावर आजी, सून, नातवंडं. मी तिथे लेकीला घेऊन जाते. एकटीही जाते. कुणी वळून बघत नाही. ज्या पबांनी दार मोठं केलं ते तगले. ज्यांनी नाही केलं त्यांच्यासाठी मी शोक करणार नाही.

ताळेबंद

मी लहान धंद्यांचे हिशेब बघतो, त्यात काही पबही आहेत. धागाकर्त्यांचं अर्धं बरोबर आहे. पण 1989 च्या आदेशावर सगळं ढकललं की आजचं काही दिसत नाही. तो आदेश 2003 सालीच रद्द झाला आणि 2016 पासून इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या कंपन्यांच्या बांधील भाडेकरूंसाठी वेगळी संहिता आहे. ठरावीक वेळी त्यांना बिअरची बांधिलकी सोडून नुसतं बाजारभावाने भाडं मागता येतं. प्रत्यक्षात हा हक्क मागायला वकील लागतो, वेळ लागतो, आणि समोर कंपनीचं अख्खं खातं बसलेलं असतं. तरी हक्क आहे.

आजचा मार वेगळा आहे. एप्रिल 2025 पासून कामगारांच्या पगारावर मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा 13.8 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेला आणि तो लागू होण्याची पगाराची मर्यादा 9,100 पौंडांवरून 5,000 वर उतरली. पबात अर्धवेळ काम करणारी पोरं जास्त, त्यामुळे हा घाव तिथे खोल बसला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये स्थानिक मालमत्ता करातली सूट 75 टक्क्यांवरून 40 वर आली. वीज, गॅस वेगळेच. तळघर थंड ठेवायचं तर कूलर रात्रंदिवस चालतो, गिऱ्हाईक असो वा नसो.

यात मरतो तो फक्त पेयांवर चालणारा छोटा पब. जेवण विकणारा, बागेत बाकं टाकायला जागा असलेला पब अजून उभा आहे. 2007 च्या जुलैत इंग्लंडमध्ये आत धूम्रपान बंद झालं (स्कॉटलंडमध्ये वर्षभर आधीच), तेव्हाही हाच फरक पडला: ज्याला मागे अंगण होतं तो वाचला.

जागेच्या भावाबद्दल मात्र धागाकर्त्यांना पूर्ण पाठिंबा. चालू पबापेक्षा त्याच जागेवरचे फ्लॅट जास्त पैसे देतात. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न 2015 मध्ये बिल्डरने परवानगीविना पाडला. शेजाऱ्यांनी आणि कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) पिच्छा सोडला नाही, आणि त्याला तोच पब जसाच्या तसा पुन्हा बांधावा लागला. 2021 मध्ये तो उघडला. 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला नियोजन परवानगी लागते, त्यामागे अशीच प्रकरणं आहेत.

अनवाणी

इथे सगळे 'तरुण पोरं' म्हणतायत, मी त्यातली एक. मँचेस्टरला शिकते.

आम्ही पबात कमी जातो याचं पहिलं कारण भाडं. खोलीचं भाडं दिल्यावर एका संध्याकाळी वीस-पंचवीस पौंड घालवायचे म्हणजे आठवड्याच्या भाजीपाल्याचे पैसे. दुसरं कारण फोन. नशेत केलेलं काहीही कुणीतरी शूट करतं आणि ते पुढे नोकरीच्या वेळी उगवू शकतं. तुमच्या पिढीला ही भीती नव्हती. तिसरं, माझ्या वर्गात मुस्लिम मुलं-मुली आहेत, आमच्यासारख्या न पिणाऱ्या आहेत. सगळ्यांना चालेल अशी जागा शोधली की रात्री अकरापर्यंत उघडं असलेलं डेझर्ट पार्लर निघतं.

रात्रपाळीकाका, आम्ही शहाणे झालो म्हणून पीत नाही असं सरसकट समजू नका. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं संध्याकाळी कुठेच जात नाहीत. खोलीत बसतात. त्यांना दारू नकोय, पण जिथे कुणी 'काय घेणार' म्हणून डोक्यावर उभं राहत नाही अशी जागा हवीय. ती मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेनाईनवासी

@अनवाणी, हेच तर मी म्हणतोय! खोली हवी. यॉर्कशायरमधल्या हडस्वेल गावाचं बघा. तिथला जॉर्ज अँड ड्रॅगन बंद पडला, गावकऱ्यांनी पैसे काढून 2010 मध्ये तो विकत घेतला. आता तिथे पबाबरोबर छोटं वाचनालय आहे, दुकान आहे, मागे भाजीचे वाफे आहेत. 2016 चा राष्ट्रीय 'पब ऑफ द इयर' तोच ठरला. 2011 च्या कायद्याने पबाला समाजाची मालमत्ता म्हणून नोंदवता येतं आणि विक्रीला निघाला तर गावाला पैसे उभे करायला मुदत मिळते.

@सोनचाफा, तुम्ही लिहिलेला इतिहास मला मान्य आहे, एक अक्षरही नाकारत नाही. पण देसी पब उभे राहू शकले कारण इमारती अजून उभ्या होत्या आणि परवडत होत्या. आज तसाच पब बंद पडला तर पुढच्या कुटुंबाच्या हाती तो लागणार कसा?

सोनचाफा

हा प्रश्न बरोबर आहे. इमारत वाचवायच्या बाजूने मी आहे. फक्त 'पूर्वीसारखा पब' वाचवा म्हणू नका. आणि गावाने विकत घेण्याचं उदाहरण सगळीकडे चालेल असं धरू नका. त्यासाठी शिल्लक असलेली, कागदपत्रं समजणारी, संध्याकाळी मोकळी असणारी माणसं लागतात. कौन्सिलच्या घरांच्या वसाहतीत दोन-दोन शिफ्ट करणाऱ्यांनी पैसे उभे करायला पबाचे शेअर कधी विकायचे? तिथले पब सगळ्यात आधी गेलेत, आणि त्यांच्यासाठी कुणी मोहीम काढलेली मला तरी दिसली नाही.

रात्रपाळी

धागाकर्त्यांना एक सरळ प्रश्न. सुपरमार्केटातली स्वस्त दारू हा पबांचा शत्रू, असं तुम्हीच लिहिलंय. स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूच्या एका युनिटला (10 मिली शुद्ध अल्कोहोल) किमान 50 पेन्स भाव ठरवला, 2024 मध्ये तो 65 केला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अंदाजाप्रमाणे दारूमुळे होणारे मृत्यू यामुळे 13 टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पबातला भाव त्याच्या वरच असल्याने पबांना झळ नाही. इंग्लंडमध्ये हा कायदा नाही. तो यावा म्हणून तुम्ही माझ्याबरोबर सही कराल का?

पेनाईनवासी

करेन, आजच. त्याच्या जोडीला नळातून ओतलेल्या बिअरवरचा कर आणखी उतरवा. 2023 पासून तो बाटली-कॅनपेक्षा कमी आहे, पण 2024 च्या बजेटने त्यात दिलेली आणखी सवलत पिंटमागे एक पेनी होती. एका पेनीत कुठला पब वाचतो?

ताळेबंद

सही करण्याआधी एक गोष्ट तपासा. किमान भाव म्हणजे कर नव्हे. वाढलेला पैसा सरकारकडे जात नाही, तो सुपरमार्केटच्याच गल्ल्यात पडतो. ज्यांच्यामुळे पब बसले त्यांनाच बक्षीस.

रात्रपाळी

त्याला उपाय आहे आणि तो करून झालेला आहे. 2012 ते 2015 स्कॉटलंडने दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर मालमत्ता करात वेगळा आरोग्य अधिभार लावला होता. तो किमान भावाबरोबर पुन्हा लावा. त्यातला अर्धा पैसा व्यसनमुक्ती केंद्रांना द्या. उरलेला अर्धा सोनचाफांनी सांगितलेल्या वसाहतींमधल्या बंद पबांच्या इमारती घ्यायला वापरा, माझी हरकत नाही. तिथे चहा-कॉफी पहिल्या दिवसापासून मिळाली पाहिजे आणि अनवाणीला काही न घेता बसता आलं पाहिजे, एवढी अट घालतो.