तीन ठिकाणांचे लाइव्ह फीड बदलताना स्क्रीन काळी होते, नवा राउटर घ्यावा का?

झांकी_लाइव्ह, इंदूर
मंडळी, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) आम्ही लोकल केबलवर दाखवतो. गेल्या वर्षी जेल रोड, कृष्णपुरा आणि राजवाडा, तिन्हीकडून फायबरवर फीड घेतले. आमच्याकडे प्रत्येक लाइनला डीकोडर (आलेला फीड उलगडून चित्र देणारा), पुढे एसडीआय राउटर, म्हणजे व्हिडिओ केबलवरच्या फीडांतून एक निवडणारी पेटी (इंटरनेटचा नव्हे). फीड बदलला की अर्धा सेकंद काळोख, मग झटका. हुकुमचंद मिलची झांकी समोर आली आणि नेमकं तेव्हाच! आईचा फोन, ‘अरे, लाइट गेले का तुमच्याकडे?’ विक्रेता म्हणतो महागातला राउटर घ्या. घेऊ?

ब्लॅकबर्स्ट_बाबा
पैसे घालवू नका. बरा राउटर फीड बदलतो तो व्हर्टिकल ब्लँकिंगमध्ये (दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळात), १०८० च्या एचडी सिग्नलला सातव्या ओळीवर, म्हणजे दिसणाऱ्या चित्राबाहेर. पण सगळे फीड एका ठेक्यात असतील तरच त्याचा उपयोग. तुमचे डीकोडर आपापल्या घड्याळावर चाललेत. एकाची फ्रेम सुरू होते तेव्हा दुसऱ्याची अर्धी झालेली असते. पुढच्या एन्कोडरची (केबलवर पाठवायला चित्र दाबणाऱ्या यंत्राची) सिग्नलवरची पकड सुटते, तोच तुमचा काळोख.
डीकोडरमागे ‘रेफ’ (रेफरन्स) लिहिलेला बीएनसी, म्हणजे व्हिडिओ केबलचा गोल सॉकेट, आहे का बघा. असेल तर सिंक जनरेटरचा (सगळ्यांना एकच ठेका देणाऱ्या यंत्राचा) ब्लॅक बर्स्ट, म्हणजे तो ठेक्याचा सिग्नल, त्याला आणि राउटरलाही द्या. मेनूत रेफरन्स ‘एक्स्टर्नल’ करा (केबल सगळे लावतात, मेनू विसरतात). ‘रेफ’ नसेल तर त्या लाइनवर फ्रेम सिंक्रोनायझर (फ्रेम थोडी थांबवून ठेक्यात आणणारी पेटी); त्यालाही तोच बर्स्ट द्या. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर त्याने ४० मिलिसेकंदांपर्यंत उशीर होतो. ढोल-ताशा वेगळ्या मिक्सरवरून येत असेल तर आवाजही तेवढाच उशिरा सोडा.

जुना_लाइनमन
एक अनुभव. आम्ही पैसे वाचवायला एकच लाइन घेतली होती, फीड पुरवठादाराच्या एक्स्चेंजमधून बदलायचा. फोनवर ‘आता दुसरा द्या’ म्हणायचं आणि वाट बघायची. माणूस चहाला गेला की संपलं. तिन्ही लाइनी रात्रभर चालू ठेवा, निवड तुमच्या हातात असू द्या. नवा फीड आधी प्रीव्ह्यूला (वेगळ्या मॉनिटरवर) बघा, मगच टेक, म्हणजे प्रक्षेपणावर घ्या.

झांकी_लाइव्ह, इंदूर
मागे बघून आलो. दोघांना ‘रेफ’ आहे, राजवाड्याच्या डीकोडरला नाही. एसटी २११० वर (एसडीआयऐवजी नेटवर्कवरून व्हिडिओ नेण्याची पद्धत) जायचं का मग?

ब्लॅकबर्स्ट_बाबा
तीन कॅमेऱ्यांसाठी? त्याला पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) सांभाळणारे नेटवर्क स्विच लागतील, आणि न दाबलेला एचडी म्हणजे एका फीडला सेकंदाला एक गिगाबिटहून जास्त. नको. राजवाड्याच्या लाइनला एक सिंक्रोनायझर, बस. बर्स्टची केबल लूप करत नेलीत तर शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा फिरू न देणारं टोपण) लावा.