बोंब, बम आणि बंब: एका घरचे की नुसते नावभाऊ?

चक्कीवाला (दारव्हा तालुका)

रामराम मंडळी. गावात माझी आटाचक्की आहे. सकाळी सात ते अकरा, अन् संध्याकाळी विजेची लाइन असेल तितका वेळ. घरचे म्हणतात की मला अर्धंच ऐकू येते, अन् त्यातलंही अर्धंच मी मनावर घेतो. तरी आवाजाबद्दलच विचारायला आलो आहे.

परवा ज्वारी दळून राहिलो होतो. डब्यांची रांग दारापर्यंत. बाहेर दोन पोट्ट्यांनी दिवाळीचा उरलेला सुतळी बम लावला. रांगेतली एक मावशी अशी दचकली की डबा सांडता सांडता राहिला. बाहेर जाऊन त्यांच्यावर खेकसली, "काहून बोंबा पाडता रे मेल्याहो!" माझी पोरगी सहावीत आहे, पोत्यावर बसून गृहपाठ करत होती. तिनं वहीतून मान वर काढली. "बाबा, बॉम्बवरूनच बोंब झालं असंल ना?"

रांगेत एक गुरुजी होते. ते म्हणाले, हाव, इंग्रजांच्या काळातला शब्द आहे, बॉम्ब फुटला की लोक ओरडत सुटायचे, म्हणून त्या ओरडण्याचं नाव बोंब. सगळ्यांनी माना हलवल्या. गुरुजी सांगतात म्हटल्यावर कोण वाद घालते? अन् त्यांचं दळण अजून व्हायचं होतं.

मला मात्र पटलं नाही, अन् त्याचं कारण माझी आई. तिनं जन्मात बॉम्ब हा शब्द उच्चारला नाही, ती 'बमगोळा' म्हणते. पण बोंबेशिवाय तिचा एक दिवस जात नाही. नळ चार दिवस आला नाही, पाण्याची बोंब. सोयाबीन उगवलं नाही, पेरणी बोंबलली. मी उधारी न मागताच परत आलो, तर "बैस आता बोंबलत". अन् ज्यानं पैसे बुडवले तोच गावभर माझी बदनामी करत फिरला, तेव्हा "चोराच्या उलट्या बोंबा". स्वयंपाकघरापासून पांदणीपर्यंत पोचलेला शब्द इंग्रजांनी आणून दिला असंल?

वरून एक घोळ आणखी. न्हाणीत आमचा तांब्याचा बंब आहे, पाणी तापवायचा. आग लागली की तालुक्यावरून येतो तोही बंब. हे तिघं भाऊभाऊ आहेत का?

पोरीला सांगायचं आहे, जरा खात्रीचं सांगा. एक गोष्ट अजून आहे. पोरगी घरात पालथा हात तोंडावर मारून 'बोबोबो' करून पाहत होती, तर आईनं तिचा हात खसकन ओढला. आईनं कारण सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

बाजारकरी

सोपं आहे भाऊ. आठवडी बाजारात सुक्या बोंबलाचा भाव विचारा. जो आवाज तोंडातून निघंल, ती बोंब.

निवृत्त मास्तर

वरच्या उत्तराला पाचपैकी एक गुण, तोही हस्ताक्षरासाठी.

चक्कीवाले भाऊ, त्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा, अन् म्हणावं की मीही तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत असंच ठोकून देत होतो. निवृत्तीनंतर कोश चाळायला वेळ मिळाला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 साली निघाला, अन् वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ला. त्यात बोंब आहे, अन् ती तोंडावर हात मारत केलेली आरोळीच आहे, बारुदाचा तिथं वासही नाही. सोबत बोंबलणंही आहे. तुमच्या आईचे दाखले पाहा: टंचाईची बोंब, फसलेल्या कामाचं बोंबलणं, चोराची उलटी बोंब. शब्दाला एवढी लेकरंबाळं व्हायला पिढ्या जाव्या लागतात.

अन् फुटणारा गोळा काही आपल्याला इंग्रजांनी दाखवला नाही. मराठी फौजांना तो चांगला ओळखीचा होता, फक्त त्याचं नाव होतं कुलपी गोळा. लोखंडाचा पोकळ गोळा, आत दारू ठासलेली. साधा गोळा नुसता आदळतो, कुलपी गोळा आदळतो अन् फुटतोही. म्हणजे त्या काळी गोळा फुटला की लोक बोंब मारतही असतील, पण फुटलेल्या वस्तूला बोंब म्हणत नव्हते.

आता बॉम्बची वंशावळ ऐका, मजेची आहे. इंग्रजीत तो फ्रेंचातून आला, फ्रेंचात इटालियनमधून, अन् त्यामागे लॅटिन 'बोम्बुस', त्याच्याही मागे ग्रीक 'बोम्बोस'. अर्थ काय? घुमणारा, जाडसर आवाज, भुंगा करतो तसा. लॅटिनमधलं ते नाव शास्त्रज्ञांनी एका जातीच्या केसाळ, जाड्या मधमाश्यांना दिलं, त्यांना आजही बोम्बुस म्हणतात. म्हणजे मावशीचा डबा ज्यानं हलवला, त्या सुतळी बमाचा खापरपणजा पडवळाच्या फुलावर गुणगुणत होता.

बंबाचं घर मात्र बॉम्बच्या गल्लीत आहे. बटाटा, पाव, चावी, पगार ज्यांच्याकडून आले, त्याच पोर्तुगीजांकडून बंब आला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' हा एकच शब्द पाणी उपसायच्या पंपालाही चालतो अन् फुटणाऱ्या बॉम्बलाही. आपण त्यातला पाण्याचा अर्थ घेतला. आग विझवणारा बंब म्हणजे मुळात पंपच. तेव्हा नातं जोडायचंच असेल तर न्हाणीतल्या बंबाचं अन् पोट्ट्यांच्या बमाचं जोडा. बोंब त्या घरची नाही.

ती कोणत्या घरची, हे मला कोशाच्या आधी एका आरामशीनवाल्यानं सांगितलं. आमच्या गावचे लाकूडवाले कच्छी पटेल. त्यांची पोरं भांडायला लागली की आतून आवाज यायचा, "बूमाबूम न करो!" गुजरातीत ओरडणं म्हणजे 'बूम', ओरडा करणं म्हणजे 'बूम पाडवी'. आपण बोंब पाडतो, ते बूम पाडतात. आपली बोंबाबोंब, त्यांची बूमाबूम. शेजारणी आहेत दोघी, एकाच आजीच्या. त्या आजीनं इंग्रज पाहिलाही नव्हता.

तूरवाली (आर्णीकडची)

मास्तर, वंशावळ तुमची. मी शेतातलं सांगते.

आमच्याकडे तुरीला शेंगा धरल्या की जागलीला जावं लागते. रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगायी. आधी पत्र्याचा डबा वाजवला. डुकरं पहिल्या राती पळाली, तिसऱ्या राती डब्याच्या तालावर खात होती. बम फोडून पाहिला, तो भिजला तर फुसका, अन् कोरडा असला तर महाग. शेवटी गळाच कामी येते.

पण गळ्याचेही प्रकार आहेत, अन् आमच्या सासूबाई ते एकमेकांत मिसळू देत नसत. हाक वेगळी. हाकेला नाव असते, "ओ काकाजीऽऽ" म्हटलं की काकाजीच पाहतात, बाकीचे कूस बदलून झोपतात. हाकाटी वेगळी, ती जनावराला, तिला शब्द लागत नाही. अन् बोंब माणसांना, पण कोण्या एका माणसाला नाही. ज्याच्या कानी पडली त्यानं यायचं, मग त्याचं तुमचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण का असेना.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शेतात कडब्याची गंजी पेटली. मी आधी नावानं ओरडले. "ओ भाऊ, धावा, गंजी पेटली!" वारा उलटा होता, कोणी हललं नाही. मग कसं सुचलं माहीत नाही, पालथा हात तोंडावर मारला अन् एकच लांब बोंब ठोकली. बसल्या जागेवरून मोजलं, तीन मचाणांवर बॅटऱ्या लागल्या. गंजी अर्धी वाचली. ज्याच्याशी आमची तीन वर्षं बोलचाल बंद होती, तो घागर घेऊन सगळ्यात आधी आला. आग विझल्यावर पुन्हा बोलला नाही, ते सोडा.

जाता जाता, 'हल्ला' या शब्दाचंही कोणीतरी पाहा. माझी भावजय साताऱ्याकडची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजारणीनं तिला सांगितलं, "पोट्टे शाळेत लय हल्ला करून राहिले." ती घाबरून विचारते, कोणावर?

निवृत्त मास्तर

ताई, हिंदीत हल्ला म्हणजे गलकाही अन् चढाईही. पश्चिमेकडच्या मराठीनं चढाई ठेवली, आपण नागपूर-जबलपूरच्या वाऱ्यात राहणारे, आपल्याकडे दोन्ही. पण 'हाकेला नाव असते' हे मी कोण्या कोशात वाचलेलं नाही. वहीत लिहून घेतलं.

चक्कीवाला (दारव्हा तालुका)

मंडळी, उशीर झाला, पट्टा तुटला होता.

मास्तर, तुमचं सगळं गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." दळण घेऊन गेले.

ताई, तुमच्या गंजीचं वाचून मला चक्कीतली एक गोष्ट उमगली. चक्की चालू असली की एकसुरी घरघर असते. त्यात कोणी "ओ भाऊ, भाऊ" करत राहिलं तर मला ऐकूच येत नाही, घरघरीत विरून जाते. पण दारावर कोणी टक-टक-टक केलं की लगेच मान वळते. तुटक आवाज सलग आवाजातून वेगळा निघतो. तोंडावर हात मारल्यानं तेच होत असंल. ओरडणं तेवढंच, पण हात त्याचे तुकडे करतो. अँब्युलन्सही एका सुरात रडत नाही, वरखाली करते.

आता आईचं. बाबा गेले तेव्हा मी सव्वीसचा होतो. मोक्षधामात खांद्यावर पाण्याचं मडकं, तीन फेरे, दर फेऱ्याला मागून एक जण मडक्याला भोक पाडतो, अन् शेवटी न पाहता मडकं मागे सोडून द्यायचं. फुटल्याचा आवाज आला. मग पालथा हात तोंडावर मारून बोंब मारायची असते. मी हात वर नेला, अन् गळ्यातून काहीच निघेना. एवढा जमाव, सगळे थांबलेले. मागून मोठे काकाजी हळूच म्हणाले, "मार रे बापू, मार." पहिली निघाली ती पट्टा घसरल्यावर चक्की करते तशी, नुसती चिरकी. दुसरीला आवाज फुटला. बाभळीवरचे बगळे उडाले, हे मला का आठवते ठाऊक नाही, पण बगळेच आठवतात.

आई तिथं नव्हती, आमच्याकडे बायका मोक्षधामात येत नसत. पण घर काही लांब नाही, नाल्याच्या अलीकडेच आहे. तिला घरी ऐकू आलं होतं. नंतर एकदाच म्हणाली, "दुसरी ऐकली मी."

म्हणून पालथा हात घरात नको. होळीच्या राती चौकात पोट्टे मनसोक्त मारतात, शेणाच्या चाकोल्यांच्या माळा आगीत पडल्या की बोंबांनी गाव उठते, तेव्हा आई ओट्यावर बसून हसते. ताई, तुम्ही गंजीसाठी मारली ती ऐकली असती तर हीच आई घागर घेऊन धावली असती. पण घरात, दिवसाढवळ्या, खेळ म्हणून? नाही.

पोरीला मी कुलपी गोळा सांगितला, भुंगा सांगितला, बंब सांगितला. आजोबांचंही सांगितलं, थोडक्यात. ती जरा वेळ गप्प बसली. मग तिनं हात सुलटा केला, तळवा तोंडाकडे, अन् हळूच 'ववववव' करून पाहिलं. आजीकडे बघत. आईनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली.

"तसं चालते," म्हणाली.

लाइन आली. चार डबे बाकी आहेत.